कात्री लावण्याआधी

गणपती जवळ आले की आमच्याकडे जबलपूरला एक फोन ठरलेला असतो. यंदा भाचीचा आला. "मावशी, आजीची ती जांभळी नऊवारी देशील? टेलरकडून शिवून घेते. पायजम्यासारखी चढवायची, दोन मिनिटांत तयार!"

मी लगेच हो म्हटलं नाही, कारण ही चूक मी एकदा केलेली आहे. लेकीच्या शाळेतल्या लेझीमसाठी सासूबाईंचं एक इरकली लुगडं कापून शिवून घेतलं होतं. त्या दिवशी पोर छान दिसली. पुढच्या वर्षी ते आखूड झालं. आता ते तिला होत नाही, मला होत नाही, कुणालाच होत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उरलेला काठ तेवढा मागून घेतला आणि त्याची पिशवी शिवली.

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. त्याला शिवण नाही, बटण नाही, नाडी नाही. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, पायांमधून मागे नेऊन खोचलेला कासोटा आणि खांद्यावर पदर. खाली परकरही लागत नाही. नव्या नवरीला, पोटुशीला, म्हातारपणी वाळून काटकुळ्या झालेल्या आजीला तेच लुगडं पुरायचं. वाड्यातली बाई ते घोट्यापर्यंत सोडायची, शेतात राबणारी आणि कोळीण गुडघ्याशी आवळायची. माप कापडात नसायचं, नेसणारीच्या हातात असायचं. आपल्याकडे तर महेश्वर आणि चंदेरी दोन्ही याच प्रांतात, त्यामुळे इथल्या मराठी घरांच्या ट्रंकांत काय काय निघेल सांगता येत नाही.

भाचीला मी चीनमधल्या छीपाओची गोष्ट सांगितली. उंच बंद गळा, तिरकी बटणपट्टी, बाजूला चीर असलेला तो झगा सिनेमात तुम्हीही पाहिला असेल. आज तो अंगाला चिकटून बसतो, पण मुळात चांगला ढगळ होता, मांचू लोकांच्या अंगरख्यावरून आलेला. १९१२ मध्ये तिथली राजेशाही संपली आणि १९२० च्या दशकात शांघायच्या शिकलेल्या मुली तसला लांब झगा घालू लागल्या. पुरुषांच्या अंगरख्याशी त्याचं साम्य होतं, आणि ते त्यांना आवडतही असावं. (आपला कासोटा तरी धोतराहून कुठे वेगळा आहे?) १९२९ मध्ये सरकारने तो बायकांचा औपचारिक पोशाख ठरवला. मग शिंप्यांनी कंबर आवळत नेली.

१९४९ नंतर चीनमध्ये तो मागे पडला, हाँगकाँगने मात्र जपला. सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओछी यांच्या पत्नी वांग ग्वांगमेई यांना भर सभेत बळजबरीने छीपाओ चढवला, गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली आणि त्यांची विटंबना केली. कारण काय, तर परदेश दौऱ्यात त्या तो पोशाख आणि दागिने घालून मिरवल्या म्हणे.

आपल्याकडे असं फर्मान कुणी काढलं नाही. शाळा-कॉलेजात आणि नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी आपणहून पाचवारी गोल नेसायला घेतली, आणि नऊवारी सणावारापुरती उरली. तिला परत आणली ती शिवलेल्या नऊवारीनेच, हे मी नाकारत नाही. ढोलपथकात तीन तास उभं राहायचं तर ती सोयीचीच. सलवार सूट शिवून गावोगाव पाठवणाऱ्या आपल्या शहरात शिवून देणाऱ्या हातांची वाण नाही. फक्त त्यासाठी नवं कापड घ्या आणि मास्टरजींना आत भरपूर माया सोडायला सांगा.

भाची रविवारी आली. पहिल्यांदा गाठ सैल राहिली, दुसऱ्यांदा कासोटा सुटला. तिसऱ्या वेळी जमलं, पण पाऊण तास लागला. "चालायचं कसं यात?" म्हणत ती गच्चीचा जिना चढून गेली आणि धावत खाली आली. जांभळी नऊवारी सध्या तिच्याकडेच आहे. कात्री लावणार नाही असा शब्द तिने दिलाय, तरी परवा मी फोन करून विचारलंच.