मिसळलं म्हणजे एकजीव झालं का?

नारायणगडाला आपण ‘धाकटी पंढरी’ म्हणतो. आषाढीची गर्दी ओसरली की कुठल्याही यात्रेसारखा बाटल्या-पिशव्यांचा ढीग मागे उरतो. मुलं म्हणतात, ‘सर, सगळं वितळवून एकच करायचं ना!’ माझ्या मते विज्ञानाचा तास इथूनच सुरू व्हावा.

साखर पाण्यात विरघळते, कारण तिचे लहान रेणू मोकळे विखुरतात. प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या; त्यांना विखुरायला फारसा वाव नसतो. म्हणून बाटलीचं पीईटी आणि पिशवीचं पॉलिथिन एकत्र वितळवलं तरी तेल-पाण्यासारखं वेगळंच राहतं. वस्तू बनते, पण जोड कच्चा.

द्रवस्फटिकी बहुलकांच्या साखळ्या तर काड्यांसारख्या ताठ. काडेपेटीतल्या काड्या एका दिशेने नीट बसतात, त्यांच्यात गुंतलेल्या दोऱ्याला जागा नसते. दाट द्रावणात ताठ रेणूंचा असा शिस्तीचा भाग वेगळा होतो, हे पॉल फ्लोरी यांनी १९५६ मध्ये गणिताने दाखवलं.

‘कचरा वेगळा करा’ असं नुसतं फळ्यावर लिहून भागत नाही. कारण कळलं तरच मूल घरी दोन डबे मागेल. पालकहो, आज बाटलीत तेल-पाणी हलवून ठेवा, आणि मुलाला विचारा: ‘वेगळं का झालं रे?’