डोंगरवाट, श्रमदान आणि पाणी

आपल्या शाळेच्या डोंगरभ्रमंतीविषयी आणि तिला जोडून होणाऱ्या श्रमदानाविषयी पालकांत दोन मते आहेत. ती या स्मरणिकेच्या पानांवर उघडपणे मांडली जावीत, असे आम्हांस वाटते. मुलांनी गड आणि लेणी पाहावीत, याविषयी कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती घमेल्या-फावड्याला. ज्यांच्या पणजोबांनी वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहिली, मेलेली ढोरे ओढली, त्यांच्या पतवंडांनी वसतिगृहात राहून, शिकून, पुन्हा गाळच उपसायचा काय? एका मातेने पालकसभेत हा प्रश्न विचारला तेव्हा सभागृह शांत झाले. त्या प्रश्नात राग नव्हता. तीन पिढ्यांचा अनुभव होता. त्याला बगल देऊन सहलीची छायाचित्रे तेवढी छापणे आम्हांस योग्य वाटत नाही.

भ्रमंतीला निघण्यापूर्वी नववीच्या वर्गाला आम्ही एका जुन्या सहलीची हकीकत सांगतो. १९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांच्या इच्छेवरून बाबासाहेब त्यांच्यासमवेत सहलीस निघाले. सुमारे तीस मंडळी होती. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असा बेत ठरला होता. तो सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून मंडळी थांबली. प्रवासाच्या धुळीने सारेच माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहानसे टाके काठोकाठ भरलेले. त्यांनी त्यात हातपाय-तोंड धुतले. थोड्याच वेळात पाणी बाटविल्याची ओरड झाली, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती.

म्हणून आपली मुले डोंगर चढतात तेव्हा ती केवळ चढण चढत नसतात. इतर गिर्यारोहक पाठीवर किती लिटर पाणी घ्यावे याचा हिशेब करतात. आपल्याला पाणी कोण देईल, आणि कसे देईल, हाही हिशेब करावा लागतो. हा काळ सरला, असे म्हणणाऱ्यांसाठी एक अलीकडचा प्रसंग नोंदवतो. गावाचे नाव घेत नाही. पायथ्याच्या एका वस्तीत मुक्कामाची सोय पाहत असता मुलांची आडनावे विचारली गेली आणि त्यानंतर तांब्या वरूनच ओतला गेला. दहावीतल्या मुलींच्या ते आमच्या आधी लक्षात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी श्रमदानासाठी काम सुचवले ते गटाराचे. ‘तुमच्यातील प्रत्येक आळीतून माणसे फावडे घेऊन येतील काय?’ असे आम्ही विचारले. कोणी येणार नव्हते. आम्ही नम्रपणे नकार दिला आणि पुढच्या वाटेला लागलो.

हा नकार आमच्या मते त्या सबंध सहलीचा सर्वांत मोलाचा धडा होता. पालकसभेतील त्या मातेला आमचे उत्तरही तेच आहे. वेठीला नकार देता येत नसे. काम घाणीचे होते एवढ्यानेच ती वेठ होत नव्हती. ते जन्माने ठरत होते आणि सोडता येत नव्हते, म्हणून ती वेठ होती. ज्या मुलाला ‘हे काम मी करणार नाही’ असे सांगता येते, त्याच मुलाच्या ‘हे काम मी करतो’ या शब्दांना दानाची किंमत येते.

आणि तशी वेळ आली तेव्हा आपली मुले मागे राहिली नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. तळियेत दरड कोसळून वस्तीच्या वस्ती गाडली गेली. पाणी ओसरल्यावर आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक तुकडी महाडला पोहोचली. घराघरांत मांडीएवढा चिखल होता. घर कोणाचे, हे कोणी विचारले नाही. घरमालक, त्यांची मुले आणि आपली मुले एकाच रांगेत घमेली पुढे सरकवत होती. पाणीही सर्वांनी एकाच पिंपातून प्यायले. ते काम गटाराइतकेच घाणीचे होते. तरी त्याविषयी एकाही पालकाने आमच्याकडे तक्रार केली नाही, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

इतिहासाच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत प्रिय वाट नाणेघाट ते जुन्नर ही. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने वर चढत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख आहे. तो बौद्ध नव्हे; त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची जंत्री आहे. सोयीचे तेवढेच वाचायचे, ही सवय आपल्या मुलांना लागू नये, म्हणून तोही आम्ही समजावून सांगतो. मग जुन्नर. तेथील लेखांत राजांपेक्षा श्रेणींची, म्हणजे कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघांची नावे मुलांना अधिक आवडतात. बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडवणारे. धान्य विकणाऱ्यांच्या एका श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिले. घाट चढून दमलेल्या भिक्खूला आणि वाटसरूला पाणी मिळावे, याची तजवीज धान्य विकणाऱ्यांनी केली. दौलताबादच्या टाक्याची हकीकत ऐकून आलेली मुले या पोढीपाशी बराच वेळ उभी राहतात. आम्ही त्या वेळी काही बोलत नाही.

अशा टाक्यांतील प्लास्टिक आणि गाळ काढावा, अशी मुलांची नेहमीच इच्छा असते. परंतु संरक्षित लेण्यांत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून एक दगडही हलवू नये. उत्साहाने फावडे मारणारे हात पुराव्याचा नाश करतात, आणि आपला इतिहास तर मुळातच दगडांवर टिकून आहे. लेण्यांत अगरबत्त्या लावणे आणि भिंतींवर निळ्या रंगाने घोषणा लिहिणे हेही थांबले पाहिजे. ते आपल्याच माणसांकडून होते. परवानगी मिळेपर्यंत पायवाटेवरचा कचरा उचलावा. तोही पुष्कळ आहे.

येत्या हिवाळ्यात पुन्हा जुन्नरला जाण्याचे ठरत आहे. सभेत प्रश्न विचारणाऱ्या माताही आपल्या मुलीसोबत येणार आहेत. फावड्याला हात लावायचा की नाही, हे तेथे गेल्यावर ठरवीन, असे त्यांनी सांगितले आहे. माजी विद्यार्थ्यांकडे एकच मागणे: कापडी बूट नाणेघाटाच्या दगडांवर घसरतात, आणि वसतिगृहातील बहुतेक मुलांकडे तेच आहेत. चांगल्या तळव्याचे चाळीस जोड हवे आहेत. मापांची यादी कार्यालयात ठेवली आहे.