पत्र्याच्या भिंतीचा जमाखर्च

'एकदा पत्रा मारला की काळजी मिटली' हे वाक्य आमच्या सिल्वासात इतके ऐकू येते, की परक्या माणसाला ती म्हणच वाटावी. कौल फुटते, कुडाची माती ढासळते, विटेच्या भिंतीला ओल येते. पत्र्याला मात्र काही होत नाही आणि त्याचे काही करावेही लागत नाही, अशी सर्वांची समजूत आहे. मला ही समजूत खोटी वाटते. एवढेच नव्हे, तर ती महाग पडते, आणि तिचे पैसे बहुधा ज्याला ते परवडत नाहीत त्याच्याच खिशातून जातात. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अशा रुक्ष विषयावर लेखणी उचलली तर वाचकांनी राग मानू नये. ('पत्र लिही म्हटले तर ही पत्र्यावर लिहिते', हा विनोद वर्गात होऊन गेलेला आहे, तो पुन्हा करू नये.)

बेळगावकडच्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देते. सिल्वासा हे दादरा-नगर हवेलीचे मुख्य गाव, दमणगंगेच्या काठी वसलेले. पोर्तुगीज १९५४ साली गेले, १९६१ साली हा मुलूख रीतसर भारतात आला, आणि २०२० पासून दमण-दीवसह मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. माझे शालेय शिक्षण तिथेच मराठी माध्यमातून झाले. आजोळ कन्नड, म्हणून पुढच्या शिक्षणाला मी इकडे आले. करसवलतींमुळे मसाट, आमली, पिपरिया, खडोली, रखोली या बाजूंना कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागून कामगारांच्या चाळी आल्या. कारखान्यांच्या शेड पत्र्याच्या, आणि पुष्कळ खोल्यांच्या भिंतीही पत्र्याच्याच. ज्यांची घरे पक्की आहेत तेही पावसाच्या बाजूच्या भिंतीला बाहेरून पत्रा ठोकतात, कारण वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो आणि नैर्ऋत्येची झड साध्या गिलाव्याला दाद देत नाही.

या पत्र्यांच्या आधी तिथे कोणत्या भिंती होत्या? वारली, कोकणा, धोडिया लोकांची घरे कारवीच्या कुडाची असत. काही पाड्यांत आजही आहेत. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, सणासमारंभाला गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे. या चित्रांची कीर्ती जगभर गेली, पण त्यांच्या खालच्या भिंतीकडे कोणी फारसे पाहिले नाही. ती भिंत दरवर्षी लिंपावी लागते. पाऊस सरला की बायका माती मळतात, भेगा बुजवतात, पायथ्याची झिजलेली कड पुन्हा भरतात. भिंत कच्ची असते हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच तिची निगा घराच्या पंचांगात बसलेली असते. पत्रा आला आणि हे पंचांगच फाडून टाकले गेले. भिंत बदलली यात वाईट काही नाही. पण भिंतीला निगा लागते हे आपण विसरलो, ते वाईट झाले.

आता पत्रा सडतो तो का? लोखंडाचा नुसता पत्रा हवेत ठेवला तर त्याला गंज (माझ्या कन्नड मैत्रिणींचा 'तुक्कु') धरायला एक पावसाळा पुरे. म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देतात. नालीदार पत्र्याचे पेटंट हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली लंडनच्या गोदीतील कामासाठी घेतले, आणि वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट सोरेल या फ्रेंच माणसाने १८३७ साली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पत्रा जगभर पसरला. जस्ताचा गुण असा, की ते लोखंडाऐवजी स्वतः झिजते. बारीक ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त स्वतःला खर्ची घालून उघड्या लोखंडाला वाचवते. आम्हां वाणिज्याच्या मुलांना हे लगेच समजावे: जस्त हे भांडवल आहे, व्याज नव्हे. ते दरवर्षी थोडे थोडे खाल्ले जाते, आणि संपले की लोखंडाची पाळी येते.

हे भांडवल किती असते ते पाहा. दुकानात आपण विचारतो पत्रा किती जाड आणि किलोला किंवा फुटाला काय भाव. जस्त किती, हे कोणी विचारत नाही. भारतीय मानक २७७ मध्ये जस्ताच्या वजनावरून प्रती ठरवलेल्या आहेत: १२० म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त, आणि २७५ म्हणजे २७५ ग्रॅम. जस्ताच्या घनतेवरून हिशेब केला तर १२० च्या पत्र्यावर एका बाजूला सुमारे साडेआठ मायक्रॉन जस्त येते, आणि २७५ च्या पत्र्यावर सुमारे एकोणीस. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मध्यम हवेत जस्ताची झीज वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन असते. कारखान्यांच्या किंवा समुद्राच्या कडक हवेत २.१ ते ४.२. भागाकार वाचकांनी स्वतः करावा. मध्यम हवेतल्या जलद झिजेनेसुद्धा हलक्या पत्र्याचे जस्त चार वर्षांत संपते, भारी पत्र्याचे नऊ वर्षे टिकते. दोन्ही पत्रे पहिल्या दिवशी सारखेच चकचकीत दिसतात, हीच फसगत आहे. रंगीत पत्र्यावर रंगाचे जादा कवच असते, पण तेही अमर नाही. उन्हाने विटले की हात फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागते.

आता धुण्याचा मुद्दा. कोणी म्हणेल, सिल्वासात एवढा पाऊस पडतो, तो भिंत धुतोच की! धुतो, पण जिथे पोचतो तिथेच. वळचणीखालची, छज्जाखालची, दोन खोल्यांमधल्या बोळातली भिंत पावसाच्या थेंबाला पारखी असते, आणि ती पहिली सडते. आठ महिन्यांची धूळ, रस्त्यावरची माती, धुरातले गंधकाचे अंश तिथे चिकटून राहतात. रात्रीचे दव आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यांना ओले करते, आणि ते ओले सारण पत्र्याला दिवसरात्र लावून ठेवलेल्या पोटिसासारखे काम करते. म्हणून रंगीत पत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचनांत पावसाने न धुतला जाणारा भाग मुद्दाम धुण्यास सांगितलेले असते. हमीपत्राची घडी उलगडून हे वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

धुण्याची रीत अगदी साधी आहे. प्रथम नुसते पाणी मारून धूळ भिजवावी. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके किंवा स्पंज घेऊन खालून वर जावे, कारण वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग राहतात. शेवटी स्वच्छ पाणी मात्र वरून खाली सोडावे. उन्हाने पत्रा तापलेला असताना हे करू नये, साबण जागच्या जागी वाळतो. सकाळची वेळ बरी. वर्षातून दोनदा पुरे: दिवाळीच्या साफसफाईत एकदा, म्हणजे पावसाळ्याची बुरशी निघते, आणि शिमग्याच्या सुमारास एकदा.

आमच्या घरोघरच्या बायकांचे धातू घासण्याचे ज्ञान दांडगे आहे, पण ते तांब्या-पितळेचे. चिंच-मीठ लावले की तांब्याचा हंडा लखलखतो, म्हणून तोच प्रयोग पत्र्यावर होतो. कुठे लिंबू, कुठे संडास साफ करण्याचे ॲसिड. जस्ताला आम्ल मुळीच सोसत नाही, ते विरघळते. पहिल्या दिवशी भिंत उजळ दिसते आणि त्या दिवशीच दोन-तीन वर्षांचे आयुष्य मोरीत वाहून जाते. धुण्याचा सोडा, ओला चुना आणि ओले सिमेंट हेही दुसऱ्या टोकाचे शत्रूच. पत्र्याच्या पायथ्याशी उंदीर येऊ नयेत म्हणून सिमेंटची पट्टी ओढतात, आणि बरोबर त्या पट्टीच्या वरच्या काठाला पत्रा करवतीने कापल्यासारखा तुटतो. तारेची घासणी तर लावूच नये. पायथ्याशी माती, पालापाचोळा, खताची पोती टेकलेली असतील तर ती आधी हलवावीत. भिंत तिथे वाळतच नाही. भोक पाडल्यावर जो लोखंडाचा कीस उडतो तो त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर दोन पावसांत त्याचे तांबडे ठिपके उठतात आणि पत्राच गंजला असे वाटते. आणि जस्ताच्या नव्या पत्र्याला साधा तेलरंग थेट लावणे म्हणजे पैसे भिंतीवर फासणे आहे. जस्त आणि तेल यांचा साबण होतो, आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी जस्तासाठी असलेला प्रायमर हवा.

एक गोष्ट सर्वांच्या आधी सांगायला हवी होती, ती इथे ठळक सांगते. पत्र्याची भिंत विजेची वाहक आहे. चाळीतल्या तारा पत्र्याच्या भोकांतून आत घेतलेल्या असतात, कड त्यांचे आवरण कापते, आणि साऱ्या भिंतीत प्रवाह उतरतो. पाणी मारण्यापूर्वी मेन स्विच बंद केलाच पाहिजे, आणि तार कुठे पत्र्याला टेकली असेल तर धुणे राहू द्यावे, आधी वायरमन बोलवावा.

आता जमाखर्च. समजा, एका घराच्या पावसाळी भिंतीला वीस हजार रुपयांचा पत्रा लागला आणि तो दहा वर्षे टिकला. दरवर्षी सारखाच घसारा धरला तर वर्षाला दोन हजार रुपये. निगा राखून तो पंधरा वर्षे टिकला तर घसारा १,३३३ रुपये. फरक ६६७ रुपयांचा, आणि त्यासाठी वर्षातून दोन सकाळी, थोडा साबण आणि काही बादल्या पाणी. धुण्याचा खर्च हा महसुली खर्च आहे, त्या वर्षीच्या नफ्यातोट्यातून जाणारा. नवा पत्रा हा भांडवली खर्च आहे. महसुली खर्च वाचवला म्हणून भांडवल वाचत नाही, ते गुपचूप झिजते. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. ज्याचा पत्रा भारी आणि भिंत पावसात उघडी, त्याला कदाचित दुसऱ्या धुण्याची गरजही पडणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

पण हा हिशेब घरमालक स्वतः राहत असेल तरच जुळतो. चाळीत पत्रा मालकाचा आणि भिंत भाडेकरूची. मालक म्हणतो, राहतोस तू, तूच धू. भाडेकरू म्हणतो, सहा महिन्यांनी काम बदलले तर मी जाणार, तुमचा पत्रा मी का राखू? दोघांचेही बरोबर, आणि भिंत तशीच. मग पायथा सडतो, पावसाचे पाणी अंथरुणाखाली येते, मालक नवा पत्रा ठोकतो आणि भाडे वाढवतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम आम्हांला शिकवतात. करारात वेगळे ठरले नसेल तर भाडेकरूने वाजवी झीज सोडून जागा होती तशी राखायची असते. आणि जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. सारा खेळ 'बंधनकारक' या शब्दावर आहे, आणि करारात पत्र्याचे नावही नसते. शिवाय 'तूच धू' म्हणताना तो 'तू' कोण? पत्रा विकत घेतो पुरुष, ठोकतो पुरुष; धुण्याची पाळी आली की कारखान्यातून पाळी संपवून आलेल्या बाईकडे बादली येते.

माझे मत असे आहे. खर्च मालकाचा असावा, श्रम कोणाचेही असोत. अकरा महिन्यांचा करार लिहिताना त्यात एवढीच दोन वाक्ये घालावीत: 'बाहेरील पत्रा वर्षातून दोनदा धुण्याची जबाबदारी मालकाची राहील. भाडेकरूने धुतल्यास दर वेळी ठरलेली मजुरी त्या महिन्याच्या भाड्यातून वजा होईल.' ठरलेली रक्कम किती, ती जागा कोरी न ठेवता सही करण्यापूर्वी भरून घ्यावी.