प्रश्न कोणत्या भाषेत विचारणार?

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हा खेड्यापाड्यांतील मातांचा जुना वैरी. तो रोखणारे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते व ते टोचण्यास शिकलेला हात लागतो. आडगावी या दोहोंचीही वानवा. तेव्हा मिसोप्रोस्टॉलच्या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी हे काम भागेल काय, याचा शोध आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात घेतला गेला. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व अमेरिकेतील संशोधक यांनी १,६२० स्त्रियांच्या साहाय्याने ही परीक्षा केली. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर उतरले. २००६ साली ‘लॅन्सेट’ने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. बेळगावच्या भूमीवर झालेल्या या कार्याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि त्या १,६२० मातांचा त्याहूनही अधिक.

परंतु अभिमानाबरोबरच एक प्रश्नही उभा राहतो. ‘कोणती गोळी तुझ्या वाट्यास येईल हे दैवावर सोडले आहे, आणि ती देणारीलाही ते ठाऊक नाही,’ ही गोष्ट एखाद्या पहिलटकरणीस समजावून सांगणे सोपे आहे काय? ते तिच्या घरच्या बोलीतच सांगावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनीही संमतीची माहिती सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत असावी, असे स्पष्ट बजावले आहे. सीमाभागात ही भाषा हजारो घरांत मराठी आहे. हे राजकारण नव्हे. हा चुलीपाशी बसलेल्या बाईचा हक्क आहे.

पुढे २०१४ ते २०१६ या काळात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत गरोदरपणातील रक्तदाबासंबंधी मोठा प्रयोग झाला. आरोग्यसेविकेच्या हाती मोबाइल. त्यातील गणित रक्तदाब व लक्षणे पाहून धोका वर्तविणार. यंत्र कितीही चतुर असले तरी डोकेदुखी, दृष्टीतील बिघाड, छातीतील दुखणे यांची नोंद अखेर बाईच्या तोंडच्या शब्दांवरच व्हावयाची. आमच्या खानापूर-निपाणीकडची लेक ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणेल, ‘डोकं ठणकतंय’ म्हणेल, ‘छातीत कोंडल्यागत होतंय’ म्हणेल. हे शब्द ज्या कानाला कळत नाहीत, त्याच्या हातचे यंत्र काय करणार? घरातील कोणी दुभाषी झाले तर आणखी पंचाईत. सासू दुभाषी झाली की सुनेचे निम्मे दुखणे तिच्या पदराआडच राहते! या प्रयोगाने माता-बालकांचे मृत्यू व आजार यांत अपेक्षिलेली घट दाखविली नाही, हे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याचा दोष आम्ही भाषेच्या माथी मारीत नाही. शास्त्रात नकारी उत्तरही उत्तरच असते, आणि ते प्रांजळपणे छापणाऱ्यांचे आम्ही कौतुकच करू.

आमची ही मागणी कन्नड भाषेविरुद्ध आहे, असा कांगावा कोणी करू नये. अक्कलकोट आणि जत या तालुक्यांतील कन्नडभाषी भगिनीकडे मुंबई-पुण्याचा संशोधक केवळ मराठी प्रश्नपत्रिका घेऊन गेला, तर तिच्या बाजूनेही आम्ही हेच लिहू. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची वाट बाळंतीण पाहात बसत नाही.

मार्ग अवघड नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या प्रश्नपत्रिकेतच उत्तर देणाऱ्याची मातृभाषा कोणती, मुलाखत कोणत्या भाषेत झाली आणि दुभाषी लागला काय, हे नोंदविण्याचे रकाने होते. एवढ्या प्रचंड पाहणीस जे साधले, ते एका जिल्ह्यात फिरणाऱ्या प्रबंधकर्त्यास का साधू नये? २०१० साली बेळगावात स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने व येथील वैद्यकीय संस्थांनी हे तीन रकाने आपल्या प्रत्येक पाहणीस सक्तीचे करावेत. ज्या गावांतून उत्तरे नेली, त्या गावांच्या ग्रामपंचायतींत निष्कर्षांचा दोन पानी मराठी-कन्नड सारांश लावावा. छपाईचा खर्च तो कितीसा!

आणि वाचकांनो, उद्या आपल्या दारी कोणी प्रश्नपत्रिका घेऊन आला तर त्यास वाटेला लावू नका. तो बहुधा एखादा गरीब विद्यार्थीच असेल. त्यास पाणी द्या, बसवा, आणि मराठी प्रत मागा. नसेल तर ‘मराठी प्रत मागितली, मिळाली नाही’ एवढे त्याच्याच कागदावर त्याच्याच हातून लिहवून घ्या, आणि मग उत्तरे द्यावयाची की नाहीत हे आपले आपण ठरवा.