बायको मारणाऱ्या गड्याचा खेळ पाहावा काय?

अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक खेळ आहे. नावाला तो पायाचा. पण चेंडू बहुतेक हातांनीच नेतात, आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकमेकांना आडवे पाडण्यात त्याची सारी मौज. ह्या खेळाचे गडी घरात बायकांना मारतात आणि मालक ते झाकून ठेवतात, सबब प्रेक्षकांनी खेळावरच बहिष्कार घालावा की नाही, असा वाद तेथे २०१४ साली जोराने उठला. कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या भानगडी आम्हा कुणब्या-सुतारांना कशाला? कशाला ते पुढे कळेल. आधी हकीकत ऐका.

बाल्टिमोरच्या संघात रे राइस नावाचा एक नावाजलेला गडी होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटी येथील एका जुगारगृहाच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या नियोजित वधूस असा ठोसा लगावला की ती बेशुद्ध पडली. तिला तो बाहेर ओढीत असल्याचे चित्र थोड्याच दिवसांत साऱ्या देशाने पाहिले. मार्चअखेर त्याच्यावर आरोप ठेवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्या दोघांचे लग्न लागले. मे महिन्यात संघाने पत्रकार बोलावून नवराबायकोस शेजारी शेजारी बसविले, आणि त्या बाईने त्या रात्रीतील आपल्या वाट्याबद्दल खेद प्रगट केला! संघाने हे मोठ्या हौसेने जगास कळविले. मार खाणारीनेच माफी मागावयाची ही रीत फक्त आपल्याच आळीत आहे असे कोणी समजू नये.

जुलैत ह्या धंद्याच्या वरिष्ठ मंडळाने, म्हणजे लीगने, शिक्षा सुनावली: १६ सामन्यांच्या हंगामात २ सामने घरी बसावे. त्याच उन्हाळ्यात गांजाच्या नियमाखाली दुसऱ्या एका खेळाडूला सबंध हंगामाची बंदी झाली. ती पुढे १० सामन्यांवर आली. म्हणजे चिलमीहून बायकोचे तोंड स्वस्त. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतल्या कॅमेऱ्याचे चित्र फुटले, ठोसा लोकांनी डोळ्यांनी पाहिला, आणि त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले. लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरात एका माजी न्यायाधीश बाईंनी लवाद म्हणून ती बंदी रद्द केली. कारण काय, तर ह्या गड्याने लीगची दिशाभूल केलेली नव्हती. मालकांना मारल्याचे वाईट वाटले नव्हते, दिसल्याचे वाटले.

आता प्रेक्षकांनी काय केले ते पाहा. राइसच्या नावाचा सदरा परत आणा, दुसऱ्या खेळाडूचा फुकट न्या, असे संघाने जाहीर केले. हजारो लोक रांगा लावून उभे राहिले. सदरा बदलला, मन हलके झाले. दुकान तेच राहिले. पुढच्या फेब्रुवारीत अंतिम सामना झाला तेव्हा तो सरासरी ११ कोटी ४४ लाख अमेरिकनांनी पाहिला, आणि तोपर्यंतचा उच्चांक मोडला. बहिष्काराची भाषा बोलणारे पुष्कळ असतात, उठून जाणारे थोडे. मालकांना हे ठाऊक असते.

मग बहिष्कार फुकटच काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच सप्टेंबरात मिनेसोटाच्या संघातील एड्रियन पीटरसन ह्या खेळाडूवर आपल्या चार वर्षांच्या मुलास छडीने झोडपल्याचा आरोप आला. एका सामन्यापुरते त्याला बसवून सोमवारी संघाने पुन्हा आत घेतले. त्याच रात्री एका मोठ्या हॉटेल कंपनीने संघास द्यावयाचा पैसा थांबविला. दुसऱ्या दिवशी लीगच्या मोठ्या आश्रयदात्या दारू कंपनीनेही नाराजी कळविली. बुधवार उजाडण्यापूर्वी संघाने आपला निर्णय फिरविला. दोन दिवसांत! हॉटेलवाल्यास त्या पोराचा कळवळा आला होता की गिऱ्हाइकांची धास्ती वाटली होती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नाडी कोठे आहे हे त्यातून दिसते.

आमच्या चळवळीस हे शस्त्र नवे नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र केले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांच्याकडून ठरविले. त्या कारागिरांनी सगळाच धंदा बंद ठेवला नाही. ज्या एका कामावाचून तो जुलूम होऊच शकत नव्हता, तेवढ्याच कामाला वस्तरा उचलण्याचे नाकारले. अमेरिकन प्रेक्षकाच्या हाती वस्तरा नाही, पण तिकीट आहे, सदऱ्याचे पैसे आहेत, आणि ज्याची जाहिरात सामन्यात चालते ती बाटली घ्यावी की न घ्यावी हे आहे. 'आम्ही खेळच पाहणार नाही' ही प्रतिज्ञा आठ दिवस टिकते. 'अमुक संघाने तक्रार दाबली. तो चौकशी बाहेरच्या माणसांकडे देईपर्यंत त्याचा व त्याच्या आश्रयदात्याचा माल घेणार नाही' ही टिकू शकते, आणि लागते.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही. त्या खेळातले बहुसंख्य गडी काळे आणि मालक जवळजवळ सगळे गोरे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती ज्या देशातील गुलामगिरी मोडणाऱ्यांना, तेथे काळ्या माणसाच्या गुन्ह्यावर गोऱ्यांचा संताप किती चटकन उसळतो हे आम्ही विसरलेलो नाही. पण ह्या मालकांच्या नीतीचे मापही पाहा. २०१६ साली कॉलिन केपर्निक ह्या खेळाडूने काळ्यांवरील पोलिसी जुलुमाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. पुढल्या वर्षापासून त्याला एकाही संघाने ठेवले नाही. म्हणूनच आमचे म्हणणे की घाव मालकाच्या गल्ल्यावर घालावा. एका गड्याला हाकलून मालक सोवळा होतो आणि दुसरा गडी आणतो.

दुसरी अडचण घरातली. नवऱ्याची रोजी गेली की चूल बायकोचीच विझते. मार खाणारी बाई गप्प का बसते, माफी का मागते, ह्याचे अर्धे उत्तर येथे आहे. सबब बहिष्काराची पहिली मागणी हाकलण्याची नसावी. गड्याच्या पगारातून बाईचा व लेकरांचा वाटा आधी वेगळा काढून तिच्या हाती द्यावा, ही असावी.

आपल्याकडे काय? २०१८ साली एका नामांकित गोलंदाजावर त्याच्या पत्नीने मारहाणीचा आणि पैशाच्या संशयास्पद व्यवहाराचा आरोप केला. क्रिकेट मंडळाने त्याचा करार रोखला, चौकशी केली ती पैशाची. त्यात काही निघाले नाही म्हणून करार दिला. मारहाणीचे खरेखोटे न्यायालयाने पाहावे! ते न्यायालय पाहीलच. पण मंडळाने आपण कोणता प्रश्न विचारला आणि कोणता विचारलाच नाही, हे दाखवून दिले.

कुस्तीवर जीव टाकणारा, खासबागेचे मैदान बांधणारा राजा आपल्याकडे होऊन गेला. त्याच शाहू छत्रपतींनी १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागविणे हा करवीर संस्थानात गुन्हा ठरविला. मल्लांचा आश्रयदाता असून त्यांना हा कायदा करताना मल्लविद्या बुडेल अशी भीती वाटली नाही. आणि आजही आमच्या गावात असा पुरुष आहे की जो फडात जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचतो आणि घरी येऊन भाकरी करपली म्हणून लाथ घालतो. बाल्टिमोरच्या रांगेत सदरा बदलणारा आणि हा, दोघे भाऊच.

जत्रेची वर्गणी घरटी निघते. तो पैसा निंदणीच्या, मोळीच्या, शिलाईच्या मजुरीतला, म्हणजे पुष्कळदा बाईच्याच हातचा असतो. यंदा पंच पावतीपुस्तक घेऊन दारात आले की तिने आधी विचारावे: फेटा कोणाला बांधणार, इनाम कोणाच्या हस्ते देणार, आणि त्या दोघांच्या घरी बाईमाणूस कसे नांदते? उत्तर मिळेपर्यंत पैसे कनवटीला राहू द्यावेत.