एका तारेवरून तीन तारांचा हिशेब

जालना जिल्ह्यांतील मोसंबी व कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास तिन्ही फेजची वीज आतां विहिरीइतकीच परिचयाची झाली आहे. पण ती मोजावी कशी, याविषयीं फार घोटाळा आहे. एका तारेस टाँग टेस्टर लावावयाचा, अँपिअरवरून वॅट काढावयाचे व त्यांस तिनानें गुणून मोकळें व्हावयाचें, अशी रीत पडली आहे. एकच वावर पाहून साऱ्या गांवाची पैसेवारी ठरविणें आपण मान्य करूं काय?

तिन्ही तारांवर भार समान असेल तर हा हिशेब चुकत नाहीं. पण आपल्या रोहित्रावर, म्हणजे डीपीवर, तो क्वचितच समान असतो. आखाड्यावरचे दिवे व कडब्याचें कुट्टीयंत्र ज्या फेजवर सांपडेल तीवर चढविलेलीं असतात. समजा, पहिल्या तारेंत 10, दुसरींत 6 व तिसरींत 4 अँपिअर प्रवाह आहे. शून्य तारेशीं प्रत्येकीचा दाब 230 व्होल्ट व शक्तिगुणक 0.8 आहे. तर खरी शक्ति 3,680 वॅट भरते. पहिलीवरून तिप्पट केल्यास 5,520, तिसरीवरून केल्यास 2,208!

याचा निर्णय ब्लाँडेल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1893 सालींच लावून दिला आहे. जितक्या तारा, त्यांहून एक कमी इतके वॅटमीटर पुरतात. विहिरीवरील मोटारीस तीनच तारा जातात, म्हणून दोन वॅटमीटर दोन तारांत घालावे व त्यांच्या दाबाचें दुसरें टोंक तिसऱ्या तारेस जोडावें. भार कितीही विषम असो, बेरीज खरी येते. मोटार रिकामी फिरत असतां एकाचा कांटा उलटा जातो. तो अंक वजा धरावयाचा असतो, हें वायरमनही पुष्कळदां विसरतात. शून्य तारही असेल तेथें तीन वॅटमीटर लागतात.

कोणी म्हणतील, 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल सरकार भरतें, मग ही उठाठेव कशास? आमचें मत याच्या उलट आहे. सरकार भरतें तें शेतीच्या नांवावर लिहून. मीटर लावूनच वीज द्यावी असें 2003 चा कायदा सांगतो, तरी कित्येक पंपांची आकारणी अद्याप अश्वशक्तीवर होते व त्यांचा वापर अंदाजानें धरला जातो. त्या अंदाजांत वाटेंतली गळती व चोरी किती मिसळली, हें मोजल्यावांचून कोण सांगणार? दप्तरांत एकदां चढलेला आंकडा पुढें प्रमाण मानला जातो, हें महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें आम्ही जाणतों.

तरी प्रत्येक डीपीवर तिन्ही फेज वेगळाले मोजणारा मीटर बसविण्याची मागणी संघानें करावी. वाचन परवानाधारक माणसानेंच घ्यावें, पण त्या वेळीं गांवचे दोन शेतकरी हजर असावे, आणि रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या जोरांत असतांना तें पहिल्यानें घेतलें जावें.