सांभाळायला घेतलेल्या लेकराची चार दिवसांची सोय



सुगीचे दिवस आले की घरातल्या बाईला दिवस पुरत नाही. त्यातच सासूबाईंचे ऑपरेशन निघते, नाहीतर स्वतःचेच बाळंतपण येते. अशा वेळी आपली मुले आपण मामाकडे धाडतो. पण बाल कल्याण समितीच्या आदेशाने सांभाळायला घेतलेले लेकरू घरात असेल तर काय करायचे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे समिती ते मूल थोड्या वा जास्त काळासाठी आपल्या हवाली करते. त्याचे शिक्षण, आरोग्य आणि आहार ही जबाबदारी आपली. म्हणून परस्पर कुणाच्याही घरी त्याला ठेवू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

मग सोय कशी करावी?

एक, घरातच हात वाढवा. मावशी किंवा आजी चार दिवस आपल्याकडे येऊन राहिली, तर लेकराला जागा बदलावी लागत नाही. ही सोय सर्वांत चांगली. लहान मूल असेल तर दिवसाचे काही तास अंगणवाडीचाही आधार होतो.

दोन, घर सोडावेच लागले तर कलम ५२ चा उपयोग आहे. ठरावीक मुदतीपुरते मूल सांभाळण्यास समिती एखाद्या व्यक्तीला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊ शकते. मुलाच्या ओळखीचे, जवळचे घर आधीच हेरून ठेवा आणि सुगीपूर्वीच अर्ज द्या. ऐन वेळी धावपळ नको.

तीन, तसे घर मिळालेच नाही तर कलम ५१ प्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेत तात्पुरती व्यवस्था होऊ शकते. हा शेवटचा मार्ग समजावा.

अर्जासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बैठक घ्यावी असा नियम आहे, त्यामुळे फार थांबावे लागू नये. रात्री-अपरात्री अडचण आली तर १०९८ हा क्रमांक फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. रोप दुसरीकडे लावताना आपण ते मातीच्या गोळ्यासकट उचलतो. मुळे उघडी पडली की रोप मान टाकते. या लेकराचे मूळ एकदा उपटलेले असते. काही न सांगता त्याला दुसऱ्या दारात सोडले, तर ‘यांनीही टाकले’ असेच ते समजणार. म्हणून दोन-चार दिवस आधी सांगा. किती दिवस, कुणाकडे, परत न्यायला कोण येणार, हे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवा. त्याची वाकळ, दप्तर आणि आवडते खेळणे बरोबर द्या. औषध चालू असेल तर ते कसे द्यायचे हे कागदावर लिहून द्या. रोज ठरल्या वेळी फोन करा, आणि सांगितलेल्या दिवशीच न्यायला जा. एक दिवसही उशीर करू नका.

शेवटी माउल्यांना एक सांगणे. चार दिवस विसावा मागण्यात कमीपणा नाही. थकून, चिडून एक दिवस ‘हे मूल परत न्या’ म्हणण्यापेक्षा वेळीच मदत मागितलेली बरी. समितीने दर महिन्याला पाहणी करावी असे कायदा सांगतो. पाहणीला माणूस येईल तेव्हा नुसता चहा देऊ नका, अडचणही सांगा.